जावईबापूंचा काळोख

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पाठीमागे जावईबापू म्हणत, कारण संचालकांची मुलगी त्यांना दिली होती आणि तेवढ्याच पुण्याईवर ते विभागप्रमुख झाले होते. समुद्राला वसंतातला हिरवा बहर आला होता. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती किती जोमात आहेत हे यंत्रावर तपासायचं, तर आधी त्यांना अर्धा तास अंधारात विसावू द्यावं लागतं. म्हणून त्यांच्या हाताखालच्या संशोधिकेनं बाटल्यांवर काळं फडकं घातलं होतं. जावईबापू घडोघडी ते उचलून आत बॅटरी मारत होते.

"विसावल्या का ते बघतोय," ते म्हणाले.

"झोपलेल्याला गदागदा हलवून विचारा, झोप लागली का म्हणून," ती पुटपुटली. असल्या माणसापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता.

यंत्रानं अर्थातच मरगळलेले आकडे दाखवले. जावईबापूंनी लगेच सासऱ्यांना फोन लावला. "बाबा, बहर संपला. वनस्पती मरायला टेकल्यात."

तिनं खिडकीकडे बोट दाखवलं. समुद्र पार धक्क्यापर्यंत हिरवाकंच झाला होता.

जावईबापूंनी एकदा बाहेर पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि जाड पडदा सर्रकन ओढून घेतला. बाटल्यांना हवा तसा मिट्ट काळोख त्या खोलीत तेव्हा पहिल्यांदा झाला.