अंगठ्यावरचा नादकाटा

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही माझे भाऊबंद पाहिले असतील. दोन पोलादी भुजा आणि खाली दांडा. माझ्या बुडाला एक गोल चकती जास्त आहे, एवढाच फरक. कारखान्यात ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझ्यावर कधीच विश्वास ठेवला नाही. कानशीने घासायचा, वाजवायचा, मोजायचा, पुन्हा घासायचा. सेकंदाला बरोबर एकशे अठ्ठावीस कंपने भरली, तेव्हा कुठे त्याने मला डबीत घातले. त्याचाच गुण मला लागला.

तिथून मी पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरबाईंकडे आलो. मणक्यांच्या आतल्या पोकळीत कधी कधी साधी गाठ वाढते. ती कर्करोगाची नसते, अंगभर पसरत नाही. पण जागा अपुरी, म्हणून मज्जारज्जूला चेपते. मग पायाची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. बाई मला तळहातावर आपटायच्या आणि माझी चकती रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवायच्या. थरथर जाणवली, तर वाट मोकळी.

त्या काळी माझे फार कौतुक होते. पुढे कण्याच्या आतले फोटो काढणारे मोठे यंत्र आले आणि मी हातमोज्यांच्या खोक्यामागे पडलो. शस्त्रक्रियेनंतरच्या फोटोत गाठ दिसली नाही आणि रुग्ण 'बरं आहे' म्हणाला, की बाई वहीत 'उत्तम' लिहीत. मला त्या 'बरं आहे'चा भरवसा वाटत नसे. ज्यांच्या हातांनी आपली गाठ काढली, त्यांच्यासमोर 'बरं नाही' म्हणायला माणसाची जीभ रेटत नाही.

एकदा एक बसचालक बायकोला घेऊन आला. बाईंनी त्याची गाठ काढून तीन महिने झाले होते. पुन्हा बस चालवण्यासाठी त्याला तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. फोटो स्वच्छ होता, पायांत ताकदही होती. पण दारापासून खुर्चीपर्यंत तो फरशीवर नजर खिळवून चालला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. खोका सारून त्यांनी मला बाहेर काढले.

चालकाने डोळे मिटले. बाईंनी मला आपटून उजव्या अंगठ्यावर टेकवले. तो म्हणाला, वाजतोय. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा बाईंनी मला आपटले आणि टेकवण्याआधी चिमटीत धरून गप्प केले.

"वाजतोय की, मॅडम. तुमच्या हाताने गाठ निघाली, वाजणार नाही तर काय होईल?"

मी तर दगडासारखा निपचित होतो.

कोपऱ्यातून त्याची बायको म्हणाली, "अहो, घरात तुमची उजवी चप्पल मागे पडते आणि तुम्ही दोन खोल्या पुढे निघून जाता. मी उचलून आणते."

"तू गप गं. चप्पल सैल झालीय."

"डावी बरी सैल होत नाही."

बाई त्याला रागावल्या नाहीत. ब्रेक कोणत्या पायाने लावता, एवढेच त्यांनी विचारले. उजव्या, तो म्हणाला.

"पाय ब्रेकवर आहे, हे कशावरून कळतं?"

त्याची नजर उजव्या पायाकडे गेली. मग म्हणाला, "बघून."

"मग रस्ता कोण बघतं?"

दाखला मिळाला नाही. गाठ गेली तरी चेपलेल्या नसा सावरायला अनेक महिने लागतात, काही पूर्ण सावरतही नाहीत, हे बाईंनी त्याला समजावले आणि तोल सांभाळायचे व्यायाम लावून दिले. तो गेल्यावर त्यांनी वहीत 'उत्तम' लिहिलेले जुने रुग्ण शोधून काढले आणि एकेकाला पुन्हा तपासायला बोलावले. बरेच जण खरेच उत्तम होते. काही नव्हते.

सहा महिन्यांनी चालक परत आला. डोळे मिटून बसला. मी वाजत होतो तेव्हा "आहे, पण बारीक" म्हणाला. मी गप्प होतो तेव्हा ओठ चावून म्हणाला, "काहीच नाही." बसचा दाखला त्याला त्या दिवशीही मिळाला नाही. आगारात बसून करायच्या कामाचा मिळाला. त्याची बायको मात्र पहिल्यांदाच निवांत दिसली.

मित्रांनो, कोणी 'बरं आहे' म्हणाले, तर थोडे थांबून पुन्हा विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारले, तर त्याचे मन राखण्यासाठी हो म्हणू नका. मला पुसून, जपून ठेवा. पण माझाही शब्द प्रमाण मानू नका. अधूनमधून मला गप्प करून बघत जा.