एका बेटाच्या तीन साक्षी

आखातातल्या अल नहदा वस्तीतल्या टॉवरची लिफ्ट चौदावा मजला दाखवायची, तरी मुरलीधरराव एकदा जिन्यानं उतरून मजले मोजून आले होते. सातारच्या कोर्टात तीस वर्षं शिरस्तेदारी केलेला माणूस. चहात साखर आहे म्हटलं तरी पुरावा मागायचा.

अशा घरात युलिया कामाला आली. सून हेमा सोमवारी हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत नोकरीवर रुजू होणार होती, आणि धाकट्या लेकीला, मिहिकाला, सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. युलियाच्या व्हिसाच्या अर्जाची मुदत आज संपत होती. सासऱ्यांनी होकाराची मान डोलावली नाही, तर युलियाही गेली आणि नोकरीही.

युलिया सांगायची, आपण इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या. खालच्या सलूनमधली मुलगीही तिथलीच निघाली, म्हणून खातरजमा करायला मुरलीधररावांनी तिला वर बोलावलं. घरी आईशी बोलता तसं बोला, असा हुकूम झाला. दोघी बोलल्या आणि एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"एका बेटावरच्या, आणि बोली कळत नाही? सूनबाई, यातली एक खोटी आहे."

कोणती, ते ठरवायला सुपरमार्केटची कॅशियर आली. तीही फ्लोरेसची, तिनं तिसरंच काही ऐकवलं. युलियानं समजावलं, की आपण सिक्का जमातीच्या, सलूनमधली लिओ, कॅशियर मांगराई. मधे डोंगर आणि ज्वालामुखी, त्यामुळे लोक वेगळे, भाषा वेगळ्या. मग तिघी देशाच्या सामायिक भाषेत, इंडोनेशियनमध्ये, बोलत खिदळायला लागल्या, तेव्हा तर मुरलीधररावांना टोळीच दिसली.

त्यांनी एकीला किचनमध्ये, एकीला बाल्कनीत, एकीला हॉलमध्ये बसवलं आणि हेमाकरवी एकच सवाल टाकला: लग्नात मुलीच्या माहेरी काय देतात?

मांगराई म्हणाली, म्हशी आणि घोडे. लिओ म्हणाली, सोन्याचे दागिने. युलिया म्हणाली, हस्तिदंत.

"बेटावर हत्ती आहेत का?"

नाहीत, युलिया म्हणाली. दात जुन्या व्यापाऱ्यांनी आणलेले, पिढ्यान्‌पिढ्या या घरातून त्या घरात फिरतात.

मुरलीधररावांनी तिन्ही जबान्या बोटांवर मोजल्या. हेमाच्या हातात मोबाइल, मोबाइलवर अर्ज.

"पढवलेले साक्षीदार एकच जबानी देतात," ते शेवटी म्हणाले. "आणि हत्तीवाचून हस्तिदंत, असलं खोटं कोण रचेल? खऱ्या आहेत तिघी. मात्र एक गोष्ट..."

हेमानं पुढचं ऐकलंच नाही. सासऱ्यांच्या संशयाला नवा फाटा फुटायला अर्धं मिनिट पुरे, हे तिला ठाऊक होतं. तिनं सही करून अर्ज पाठवून दिला.