दाराला बाहेरून दोर

“डबा भरलास हे बरं केलंस. पण तांदूळ कच्चा खाणार आहेस का, पोरी?”

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि हे वाक्य माझ्यावर वाकून, माझ्यातले चार दाणे बोटांत चोळत बोलले गेले होते. बोलणारी होती आमची शेजारीण सेपा. आमच्या कातांदुआनेस बेटावर वयाने मोठ्या बाईला मानाय म्हणतात, म्हणून ती सगळ्यांची मानाय सेपा. नवरा जाऊन वीस वर्षे झाली होती. केळीसारख्या अबाका झाडाच्या खोडाचे धागे काढायचे, वाळवायचे, त्यांचे दोर वळायचे, यावर तिचे एकटीचे पोट चाले. पुढे तिच्याच जिवाचा प्रश्न आला, म्हणून तिची ओळख आधी करून दिली.

जिला ती पोरी म्हणाली, ती माझी मालकीण लिरियो. लेगास्पी शहरातल्या कॉलेजात शिकलेली, लग्न होऊन या गावात आलेली. नवरा दोन्दो मालवाहू जहाजावर कामाला, वर्षातले दहा महिने समुद्रात. घरात ती आणि दोन वर्षांची नेनिंग. त्या दिवशी वादळाचा इशारा होता. लिरियोने फोन पुढे केला आणि म्हणाली, “वादळ उत्तरेला वळतंय, मानाय. बघा ना, इथे दाखवतायत.”

“फोनला कळलं. वादळाला कुणी कळवलं का?” मानाय म्हणाली. मग तिने शांतपणे सांगितले, की दोन दिवसांचा भात थोडा व्हिनेगर घालून आजच शिजव, तो आंबत नाही. कोळसा घरात घे. चूल आत आण.

लिरियो हसली. गॅसची शेगडी आहे की, म्हणाली. मानाय खांद्यावरचा दोर सावरत निघून गेली.

आता थोडे माझ्याविषयी सांगतो. माझा जन्म मनिलाच्या एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, कडा सांधल्या, आणि माझ्या पोटावर गालांवर खळ्या असलेल्या एका मुलाचे चित्र छापले. मी बिस्किटांनी भरून बोटीने या बेटावर आलो. दोन्दोच्या आईचे घराला लागून छोटे दुकान होते. तिथे मी अकरा वर्षे फळीवर होतो. मुले माझ्याकडे बोट दाखवत आणि ती एकेक बिस्कीट सुटे विकत असे. ते माझे चांगले दिवस. दुकान बंद झाले तेव्हा तिने मला घासून, वाळवून माझ्यात तांदूळ भरला. पंधरा किलो मावायचा. दर वर्षअखेरीस ती मला काठोकाठ भरी, शेजारी मिठाची वाटी ठेवी, म्हणजे येत्या वर्षी घर उपाशी राहणार नाही. ती गेल्यावर घराबरोबर मीही लिरियोकडे आलो.

वादळ वळले नाही. आमच्याकडे बहुतेक घरांचा स्वयंपाक मागच्या पडवीत होतो. ती पडवी शेगडीसकट उडाली. गॅसची टाकी नंतर भातखाचरात सापडली. लाकडे भिजली, कोळसा चिखलात गेला. चार दिवस गावात कोणाच्याच घरी धड विस्तव पेटला नाही. मी काठोकाठ भरलेला होतो आणि नेनिंग माझ्या शेजारी बसून भुकेने रडत होती. तिसऱ्या दिवशी तिने माझे झाकण स्वतःच उघडले आणि मूठभर कच्चा तांदूळ तोंडात घातला. लिरियोने बोट घालून तो तिच्या तोंडातून काढला. मग पोरीला मांडीवर घेऊन, भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. संध्याकाळी मानाय सेपा केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन आली. वादळाआधी शिजवलेला, आंबूस वासाचा, पण भातच. “खा. मग रड,” एवढेच म्हणाली.

मित्रांनो, मी रिकामा असताना कधी लाजलो नाही. त्या दिवशी भरलेला असून लाजलो.

त्यानंतर लिरियोच्या मनात भीती जी शिरली, ती निघाली नाही. मी तिला दोष देत नाही. ती बाजारातून परतली, की पिशवीत सार्डिन मासळीचे डबे, शेवयांची पाकिटे, मेणबत्त्या, तापाचे औषध असे काही ना काही निघे. काड्यापेट्या तिने बाटलीत घालून बुचावर मेण ओतले. कोळशाच्या गोण्या पलंगाखाली गेल्या. न्हाणीघरात पाण्याचे तीन पिंप उभे राहिले. ते न्हाणीघर म्हणजे आमच्या घरातली एकच सिमेंटची खोली, बाकी सगळी फळ्या आणि पत्रा. गावातली बहुतेक घरे तशीच, आणि ज्याचे न्हाणीघर पक्के त्याच्याकडे वादळात दोन-चार शेजारी येऊन बसत. मानाय सेपा दर वादळात आमच्याकडे येई. उपड्या बादलीवर बसून ती नेनिंगला दोराच्या गाठी शिकवायची.

एकदा फोनवर तो साठा बघून दोन्दो हसला. “दुकान परत काढतेस काय?”

“दुकानात गिऱ्हाईकाला द्यावं लागतं,” लिरियो म्हणाली.

ती थट्टेत बोलली खरी, पण मला ते बोचले. कारण आमच्या गावात तांदूळ उसना देण्याची रीत होती. बाया दुधाचा रिकामा डबा घेऊन येत, एक-दोन मापे नेत, आणि परत करताना माप शिगोशीग भरून आणत. दोन्दोच्या आईने कोणाला परत पाठवलेले मला आठवत नाही. लिरियोही आधी देत असे. मग ती मापावरून हात फिरवून सपाट भरू लागली. मग तिने मला पलंगाच्या आड ओढले आणि माझ्यावर फुलाफुलांचे कापड टाकले. पाहुण्याला मी बसायचे स्टूल वाटावे, अशी सोय.

एका सकाळी मानाय सेपा आली. दोर विकत घेणारा व्यापारी त्या आठवड्यात फिरकलाच नव्हता. तिच्या हातात दुधाचा डबा होता. लिरियो त्या वेळी माझ्यावरच बसून नेनिंगची वेणी घालत होती. पोर आता पाच वर्षांची झाली होती. मानाय म्हणाली, एक माप दे, परवा देते.

लिरियोचे हात वेणीत थांबले. वादळाचा क्रमांक तीनचा इशारा लागला होता, हे मला माहीत होते. तिचे सगळे वजन माझ्या झाकणावर आले.

“संपलाय हो, मानाय.”

नेनिंगने मान वळवून आईकडे पाहिले. लिरियोने वेणी जरा ओढली आणि पोरीची मान सरळ केली. मानाय सेपाने एकदा त्या फुलाफुलांच्या कापडाकडे पाहिले. माझा एक कोपरा उघडा होता, त्या चित्रातल्या मुलाचा गाल दिसत होता.

“असू दे. रताळी आहेत घरात,” ती म्हणाली, आणि नेनिंगच्या डोक्यावर हात ठेवून गेली. त्या वेळचे वादळ आले नाही, पण मानायही पुन्हा माप घेऊन आली नाही. रस्त्यात भेटली तर हसे, बोले. घरात मात्र येत नसे.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात इशाऱ्याचा आकडा पाचावर गेला. पाचाच्या पुढे आमच्याकडे आकडा नाही. लिरियोने या वेळी काही म्हणता काही चुकवले नाही. व्हिनेगरचा भात, व्हिनेगरातले मांस, उकडलेली रताळी, कोरडा कोळसा, पाणी. छप्पर दोराने चारी बाजूंनी बांधून घेतले. दुपारी ती खिडकीत उभी राहून एकेक घर न्याहाळत होती. ती नेहमीच असे बघे. कोणी पत्र्यावर दगड ठेवले, कोणी डुक्कर आत घेतले, कोणी शाळेकडे निघाले. शाळेची इमारत पक्की, म्हणून उंचावरची आणि किनाऱ्यावरची माणसे तिकडे जात. जाताना दाराला बाहेरून अबाकाचा दोर बांधून जायची रीत होती. दोर दिसला की समजायचे, घर रिकामे आहे, शोधत बसू नका.

मानाय सेपाच्या दाराला दोर होता.

लिरियोने सुटकेचा निःश्वास टाकला, तो मी ऐकला. मला वाटते त्यात काळजीतून सुटका होती, आणि थोडी दुसरीही. म्हातारी शाळेत गेली म्हणजे आपल्या दारात येणार नाही, तिच्याकडे मान वर करून बघावे लागणार नाही. मी पत्र्याचा डबा, मला माणसांच्या मनातले काय कळणार? पण त्या दिवशी तसे वाटले खरे.

मग तिने गादी, पोर आणि मला न्हाणीघरात नेले. वादळाविषयी मी फार सांगत नाही. ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून उपयोग नाही. छप्पर गेले. फळ्यांच्या भिंती गेल्या. सिमेंटची खोली राहिली. मध्येच नेनिंगने विचारले, “मानाय कुठे आहे? ती तर आपल्या बादलीवर बसते.”

“शाळेत आहे ती. तिथे खूप माणसं आहेत,” लिरियोने सांगितले.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. सगळीकडे आडवी झाडे, तुटके खांब, पत्रे. शाळेची वाट नारळाच्या खोडांनी बंद झाली होती. लिरियोने कोळसा पेटवला, गरम भात केला. पोर पोटभर जेवली. लिरियोच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांनी थोडे समाधान पाहिले. तिने शेजारच्या दोन घरांनाही भात दिला, न मागता. मानायचे घर थोडे वर, चढावर होते. छप्पर खाली बसलेले दिसत होते. बरे झाले ती घरात नव्हती, असे बाया म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी पोन्सो आला. गावच्या पंचायतीतला माणूस, कमरेला कोयता, दोन दिवस वाट कापत होता. त्याने पाणी मागितले, प्यायला, आणि इकडेतिकडे बघत सहज म्हणाला, “मानाय सेपा आतच आहे ना? काही हवं आहे का तिला?”

लिरियोच्या हातातला पेला तसाच राहिला. “ती तर शाळेत आहे.”

“शाळेत कुठे? मी नावं घेतली. ती नाही म्हटल्यावर वाटलं तुझ्याकडे असेल. दर वेळी तुझ्याकडेच असते.”

मग दोघेही चढाच्या दिशेने पळाले. लिरियोच्या पायांत चप्पल नव्हती.

मी तिथे जाऊ शकत नव्हतो, मित्रांनो. मी आणि नेनिंग, दोघेच मागे राहिलो. ती माझ्यावर बसून टाचा माझ्या अंगावर आपटत राहिली. वरून कोयत्याचे घाव ऐकू येत होते, मग फळ्या ओढल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. ती शांतता मला कुठल्याही वादळापेक्षा जड गेली.

शेवटी लिरियो, पोन्सो आणि दोन शेजारी असे चौघेजण उतरून आले. त्यांनी मानाय सेपाला तिच्याच दारावर निजवून आणले होते. चौकटीला बांधलेला दोर कापला होता, त्याचे टोक दाराला लोंबत होते. आतली कडी तुटली होती म्हणे. वाऱ्याने दार आत ढकलले जाऊ नये म्हणून तिने ते बाहेरून बांधले, आणि स्वयंपाकघराच्या बांबूच्या फटीतून स्वतः आत शिरली. आढे पायावर पडले. अडीच दिवस ती तशीच होती, गळणारे पाणी ओंजळीत धरून पीत.

तिला माझ्या शेजारी ठेवले. ओठ फुटले होते, डोळे उघडे होते. लिरियोने पाण्याचा चमचा तिच्या तोंडाला लावला.

“उशीर केलास,” मानाय म्हणाली. “कॉफी नाही का?”

लिरियो रडत होती. “तुम्ही इकडे का नाही आलात, मानाय? का नाही आलात?”

म्हातारीने चमचाभर पाणी गिळले. मग अगदी हळू, रागाचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हणाली, “तुझ्याकडे तांदूळ संपला होता ना. म्हटलं, अजून एक तोंड कशाला.”

मित्रांनो, मानाय सेपा वाचली. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता ती कुबडी घेऊन चालते, दोर बसून वळते. लिरियो रोज तिच्याकडे जाते. तांदूळ नेला तर ती घेते, आणि आठ दिवसांनी माप शिगोशीग भरून परत पाठवते. ती कधी रागावली नाही. लिरियोला तेच पेलत नाही.

मी आता थकलो आहे. तळाला गंजून भोक पडले आहे, चित्रातल्या मुलाचा एकच गाल उरला आहे. घरात निळा प्लास्टिकचा पिंप आला आहे, तांदूळ त्यात असतो. माझ्यात खिळे आणि जुने पत्र्याचे तुकडे ठेवतात. त्याचे मला दुःख नाही. इतकी वर्षे माणसे भीतीने मला भरत आली आणि भुकेने रिकामे करत आली, आता विश्रांती मिळाली तर बरेच. मला घासूनपुसून ठेवा, असेही मी म्हणणार नाही. साठा जरूर करा. भीती वाटणे चूक नाही, ज्याच्या घरात लेकरू आहे त्याला ती वाटणारच.

पण लिरियोची तुम्हाला एक विनंती आहे. हल्ली इशारा लागला, की ती बाजारात जायच्या आधी घरोघर फिरते, दाराला दोर असला तरी हाक मारते, आणि बायांना हेच सांगते. ती म्हणते, ज्याच्याबद्दल आपल्याला वाटतं की तो कोणाकडे तरी असेल, त्याच्याकडेच आधी जा. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणी आलं असेल, तर त्यांना एकदा बघून या.