मधली रेघ

मित्रांनो, माणसाचं डोकं न उघडता त्याच्या आत बघणारं मी एक जुनं यंत्र आहे. लोक मला सीटी स्कॅन म्हणतात. व्याकरणाप्रमाणे मी 'ते'. पण 'मी आलं, मी बसलं' असं बोलू लागलो तर तुम्ही हसत सुटाल. म्हणून सगळे धरून चालतात तसा मीही स्वतःला 'तो' धरून चालतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. मला या रुग्णालयात आणलं तेव्हा मी तळघराच्या दारातून मावेना. मग एक भिंत पाडली, मला आत घेतलं आणि भिंत पुन्हा बांधून टाकली. त्या दिवशी मी मनोमन फुगलो. आपल्यासाठी भिंत पाडली! बाहेर पडायची वाटही त्याच दिवशी बुजली, हे पुष्कळ उशिरा ध्यानात आलं. माझ्या खोलीचं दार शिसं भरलेलं, जड आहे. मी फिरू लागलो की दारावर तांबडा दिवा लागतो आणि बाहेरच्या बाकावरची माणसं त्या दिव्याकडे बघत बसतात.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! मोठे डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. मला चालवणाऱ्या माणसाला सगळे 'मामा' म्हणतात. ते रोज सकाळी मऊ फडक्याने मला पुसत. आता माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे, फिरताना मी कण्हतो आणि खोली थंड ठेवणारं यंत्र वरचेवर बंद पडतं. मामा अर्ज करतात. अर्ज वर जातो तो वरच राहतो.

माझं काम एवढंच, की माझ्या पोकळीत डोकं ठेवून माणूस निजला की त्याच्या मेंदूची करडी चित्रं काढायची. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. रक्ताभोवती सूज आली की काळसर कडं उमटतं. आणि मेंदूच्या दोन भागांमधून एक रेघ जाते. ती सरळ असली की मामा श्वास सोडतात. ती सुजेने एका बाजूला ढकलली गेली असली की मामा काचेपलीकडच्या खोलीतून मोठ्या डॉक्टरांना बोलवायला धावतात.

एका सकाळी एका सुताराला माझ्याकडे आणलं. दाराच्या फळीवर रंधा मारता मारता तो कोसळला होता. तासाभरात तो माझ्या टेबलावर होता. सोबत त्याची जुळी बहीण होती. ती लॉण्ड्रीत इस्त्री करायची. दहा मिनिटांनी मोठी, पण तो तिला 'ताई' म्हणायचा आणि तीही थोरलेपण पुरेपूर गाजवायची. "मी आधी आले आणि जग बघून ठेवलं, म्हणून हा निवांत आला," असं ती बाकावरच्या अनोळखी बाईलाही सांगत होती. बोलताना एक अंगठा कानशिलावर दाबून धरलेला.

सुताराच्या मेंदूत डाव्या बाजूला, छोट्या लिंबाएवढं पांढरं दिसलं. रेघ सरळ होती. "वेळेवर आणलंत," मोठे डॉक्टर म्हणाले.

मामा बाहेर आले तेव्हा ताई म्हणाली, "मामा, माझंही डोकं महिनाभर ठणकतंय हो. जाता जाता बघून टाका की."

मामा हसले. "अहो ताई, माझं यंत्र डोकं बघतं, डोकेदुखी नाही. दोन घास खा आणि झोप काढा."

मामांच्या मनात वाईट नव्हतं. दुखणारं प्रत्येक डोकं माझ्यात घालायचं नसतंच. पण भावाची रक्तवाहिनी वाढलेल्या रक्तदाबाने फुटली होती, आणि दंडाला पट्टा बांधून बहिणीचा रक्तदाब बघायला दोन मिनिटं पुरतात. ताई तीन दिवस रुग्णालयात होती आणि तो पट्टा तिच्या दंडाला कुणी बांधला नाही.

तिसऱ्या दिवशी सुतार हाकेला ओ देईना. त्याला पुन्हा माझ्याकडे आणलं. पांढरा डाग होता तेवढाच होता. पण भोवतीचं काळं कडं दुपटीने पसरलं होतं आणि रेघ धनुष्यासारखी वाकली होती. दुपारी त्याचं डोकं उघडलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

पाच आठवडे लोटले. मग एका दुपारी दार ढकलून स्ट्रेचर आत आलं आणि मामा जागच्या जागी थिजले. स्ट्रेचरवर ताई होती. आदल्या दिवशी सकाळपासून तिचं डोकं फुटत होतं, उलट्या होत होत्या. घरच्यांनी पित्त म्हटलं. शेजारीण म्हणाली, बाईमाणसाचं डोकं दुखायचंच, त्यात पाठचा भाऊ गेलेला. ती तशीच कामावर गेली. दुसऱ्या दिवशी हातातली इस्त्री पडली आणि तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा कुठे धावपळ झाली.

मी फिरलो. तीच बाजू, तीच जागा. डाग भावाच्या डागाहून मोठा.

तिचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. "भाऊ गेला त्याच वाटेने ही चाललीय," तो म्हणाला. "जुळी ती. मेंदूही जुळाच असणार. आता तिचे हाल नकोत. घरी नेतो."

मोठे डॉक्टर म्हणाले, "घरच्यांची तशीच इच्छा असेल, तर..."

"थांबा," मागून आवाज आला. ती आमच्याकडची तरुण डॉक्टरबाई. दोन वर्षं ती माझी जुनी चित्रं समोर घेऊन बसायची आणि सुजेचं कडं मोजून वहीत मांडायची. पुरुषांचं एका पानावर, बायकांचं समोरच्या पानावर. मोठे डॉक्टर तिची चेष्टा करत, "मेंदूला काय वेणी असते का?"

ती नवऱ्यासमोर उभी राहिली. "जुळी असली तरी तो पुरुष होता, ही बाई आहे. रक्त सारखं सांडलं म्हणून सूज सारखीच येईल असं नाही. माझ्या वहीत बायकांचं कडं बहुतेक वेळा बारीक दिसतंय. मी खात्री देत नाही, काका. पण तसंच होणार, अशी खात्री तुम्हीही धरू नका. मला तीन दिवस द्या."

नवरा भिंतीपासून हलला. बाहेर जाऊन बाकावर बसला.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. दुसऱ्या संध्याकाळी ताईचा श्वास जड झाला, असं मामा सफाईवालीला सांगत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला माझ्या टेबलावर ठेवलं. तांबडा दिवा लागला. आणि पहिल्याच फेरीला मी अडकलो.

खोली थंड ठेवणारं यंत्र पुन्हा बंद पडलं होतं. मी आतून तापलो होतो. मामांनी दार सताड उघडलं, ऑफिसमधला टेबलफॅन उचलून आणला आणि माझ्या पाठीशी लावला. चाळीस मिनिटं! टेबलावर ती, काचेपाशी डॉक्टरबाई नखं खात, आणि मामा माझ्या पत्र्यावर हात ठेवून पुटपुटत होते, "चल बाबा, आज नको दगा देऊस." मित्रांनो, मला हृदय नाही. पण असतं तर ते तेव्हा बंद पडलं असतं.

शेवटी मी फिरलो.

चित्र उमटलं. डाग होता तसाच. भोवती काळं कडं होतं, पण बारीक. आणि रेघ केसभर हलली होती, त्याहून जास्त नाही.

ताई जगली. पण उजवा हात गेला आणि शब्द अडकू लागले. "उशीर भोवला," डॉक्टरबाई म्हणाली. मोठ्या डॉक्टरांनी त्या दिवशी तिची वही मागून घेतली. ते कौतुक करू लागले तेव्हा तिनेच थांबवलं, "दोन डोक्यांवरून शास्त्र होत नाही, सर. अजून शेकडो मोजायची आहेत."

दोन महिन्यांनी ताई तपासणीला आली. मामांनी तिला हात धरून टेबलावर बसवलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, डोकं दुखतं का हो?"

तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग एकेक शब्द ओढत म्हणाली, "आता... सगळे... विचारतात."

मामांनी काचेकडे तोंड फिरवलं.

मित्रांनो, माझे थोडेच दिवस उरले आहेत. अडगळीत टाकेपर्यंत मला दुरुस्त ठेवा, एवढं मागणं मागितलं तर ते स्वार्थाचं होईल. तरी मागतो, कारण मी अडकलो की टेबलावरचं माणूस खोळंबतं. पण त्याहून मोठं मागणं घरात बसलेल्या तुमच्याकडे आहे. आई, आत्या, बहीण डोकं धरून बसली तर 'तिचं नेहमीचंच' म्हणू नका. तिला विचारा. तिचा रक्तदाब मोजून घ्या. अचानक डोकं फुटायला लागलं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पित्त उतरायची वाट बघत बसू नका.

आत्ताही माझ्या टेबलावर एक बाई निजली आहे. तिच्या कागदावर लिहिलंय, 'कालपासून डोकेदुखी व उलट्या. घरी पित्ताची गोळी दिली.' बाहेर तिची मुलगी बाकावर बसली आहे. मामांनी दार लावलं. तांबडा दिवा लागला. मी फिरू लागलो आहे, आणि जे उमटेल ते मला पुसता येणार नाही.