अर्धा तास थांबा, साहेब!

मी एक जुना काचेचा जार आहे आणि मित्रांनो, सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. जारला कुठलं डोकं, असं म्हणू नका. तोंड आहे, भांडायला तेवढं पुरतं!

भट्टीतून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्यात सरबत भरतील, गेला बाजार फुलं तरी ठेवतील. नशिबी आलं सांडपाणी! शहर छोटं, पण घाण काही छोटी नाही. ती शुद्ध करण्याचं केंद्र ओढ्याकाठी आहे. तिथल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत मी राहतो. अंगावर हजारपर्यंत आकडे, काठाला एक टवका.

इथल्या मोठ्या हौदात हवा सोडतात. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते तुमची घाण खातात. रोज सकाळी प्रयोगशाळेतल्या ताई हौदातलं पाणी माझ्यात भरायच्या आणि अर्धा तास मला कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. जीव ठणठणीत असले की गाळ तीनशेच्या रेषेपर्यंत शहाण्यासारखा खाली बसायचा. वर नितळ पाणी! "शाबास रे माझ्या राजा!" ताई म्हणायच्या. हौदातलं पाणीही असंच नितळ होऊन पुढे ओढ्यात जायचं. वळणावर पोरं डुंबायची, त्यांत ताईंची धाकटी लेकसुद्धा. म्हणून ताईंनी माझ्याकडे कधी घाईत पाहिलं नाही.

मग वरून पाहणीला पाहुणे येणार, असं ठरलं. आमचे साहेब नाकाला रुमाल लावून आले.

"वास येतोय. हौदात फिनाइल ओता."

"साहेब, मरतील ते!" ताई ओरडल्याच.

"कोण मरतील?"

"हौदातले जीव."

"अहो ताई, गाळाला कसलं मरण? घरी मोरीत ओतत नाही का आपण?"

"म्हणून तर इथे आमचे हाल," पंपावरचे मामा पुटपुटले.

ताईंनी मला पुढे केलं. "आधी यात थोडं घालून बघू. अर्धा तास द्या फक्त."

"अर्ध्या तासात गाड्या दारात येतील!"

झालं! वीस कॅन फिनाइल आणि वर दोन पोती ब्लीचिंग पावडर. पाहुणे आले, "वा, काय स्वच्छ वास!" म्हणाले, फोटो काढून गेले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी माझ्यात पाणी भरलं. अर्धा तास गेला, तास गेला. गाळ बसेचना. नुसतं गढूळ, वर पांढरा फेस. ताईंनी घरी फोन लावला. "धाकटीला ओढ्यावर सोडू नका. कधीपर्यंत? माहीत नाही हो."

शेजारच्या शहरातून टँकरभर जिवंत गाळ आणला. दुधाला विरजण लावतात ना, तसा तो हौदात सोडला. माझ्या तळाशी बसणारा गाळ हळूहळू वाढू लागला: चाळीस, नव्वद, दीडशे... तीनशेची रेषा गाठायला सात आठवडे लागले. धाकटी रोज विचारायची, "आज जाऊ?" रोज ताई म्हणायच्या, "उद्या बघू."

आणि आता पुन्हा पाहणी ठरली आहे. कॅनसुद्धा आले आहेत!

मित्रांनो, मोरीत काहीही ओतायला कॅनचं झाकण उघडाल, तेव्हा मला आठवा. तुमच्या घरातून गेलेलं पाणी संपत नाही, ते आमच्याकडे येतं.

आज ताईंनी माझ्यात हौदातलं पाणी भरलं, त्यात झाकणभर फिनाइल टाकलं आणि मला थेट साहेबांच्या टेबलावर, फायलींच्या मधोमध आणून ठेवलं.

"अर्धा तास, साहेब. उठायचं नाही."

वीस मिनिटं झाली आहेत. साहेब बघतायत. मी गढूळच आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याची मुळीच लाज वाटत नाही.