सहा कोर की आठ कोर

एखादी बाई पाच महिने प्रोसेसर निवडत बसली असेल, तर एक तर ती मठ्ठ असते नाहीतर कुणीतरी तिला झुलवत असतं. ताई मठ्ठ नव्हती. दातांच्या लॅबमध्ये कॅपा घडवायचं तिचं काम. केसाएवढा उंचवटा राहिला तरी घासून पुन्हा साच्यावर बसवून बघणारी बाई ती. तिला कॉम्प्युटरच्या मेंदूचा बाजार समजायला कितीसा वेळ लागणार? सहा कोर की आठ कोर, कुठल्या बोर्डावर कुठला बसतो, सोबतचा पंखा पुरतो का, सगळं तिनं वहीत उतरवून काढलं होतं. तरी घोडं अडलेलंच. कारण शेवटचा होकार धाकट्याचा हवा होता, आणि तो काही केल्या मिळत नव्हता.

धाकटा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. तिचा कॉम्प्युटर त्यानंच एकेक भाग निवडून जुळवला होता आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना तिच्या टेबलावर ठेवून गेला होता. "शनिवारी चार वाजता, ताई. चुकवायचं नाही." चार वर्षं दोघांनी चुकवलं नाही. खेळ इंटरनेटवरचा, मोटारींच्या शर्यतीचा. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं शेजारच्या सीटवरून नकाशा बघून पुढचं वळण सांगायचं. चालवायचा तो, सांगायची ही. "डावं, एकदम तीव्र. मग चढ. मग उजवं, सोपं आहे." मध्ये सरळ रस्ता लागला की आठवड्याभराच्या गप्पा. ताई घरी एकटीच राहायची. मनात साठलेलं सगळं ती त्या सरळ रस्त्यांसाठी राखून ठेवायची.

मग खेळाचा नवा भाग आला आणि धाकट्याचा फोन आला. "तुझा प्रोसेसर म्हातारा झालाय गं. त्याला नाही झेपणार."

"टाकून तरी बघू?"

"नको नको! तापेल, बोर्डासकट जाईल. आधी प्रोसेसर बदलू. आणि ऐक, तू आल्याशिवाय मीही नवा भाग उघडणार नाही."

या शेवटच्या वाक्यावर ताई विरघळली. भाऊ असावा तर असा, हे लॅबमध्ये चौघींना सांगून झालं.

तिथून शनिवारचा खेळ थांबला आणि सुरू झालं ते भिजत घोंगडं. तिनं सहा कोरचा सुचवला, तर दोन वर्षांत रडशील म्हणाला. आठ कोरचा सुचवला, तर तुझ्या बोर्डावर बसत नाही. बोर्डासकट बघितला, तर बजेट बघ की जरा. बजेटात बसणारा शोधला, तर महिन्याभरात नवीन येतोय, थांब. ती थांबली. नवीन आला, तर म्हणे त्याच्याबद्दल फार तक्रारी आहेत. ताई दर वेळी "बरं बाबा" म्हणायची, वहीचं नवं पान उघडायची आणि नवी यादी करून त्याला पाठवायची. एवढी काळजी घेणारा सल्लागार विकत मिळत नाही, असं तिला वाटायचं.

शेवटी एका शनिवारी लॅब दुपारी लवकर सुटली, तेव्हा तिनं कॉम्प्युटर टॅक्सीत घातला आणि थेट दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. त्यांनी वही शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा कपाळावर सारला.

"अभ्यास पक्का आहे तुमचा. पण बदलायचा कशाला?"

"नवा भाग चालत नाही ना यावर."

"चालवून बघितलात?"

"भाऊ म्हणाला, नाही चालणार. तो त्यातलाच आहे."

"अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला? टाकूनच बघू. पाणी कुठे मुरतंय ते कळेल."

खेळ उतरायला तासभर लागला. सुरू करताना ताईनं खुर्ची दोन हात मागे घेतली, न जाणो बोर्ड जळायचा. काही जळलं नाही. पडद्यावर गाडी धूळ उडवत निघाली, वळणावर वळण घेत गेली, कुठे अडखळली नाही की तापली नाही. मास्तरांनी कोपऱ्यातले आकडे बघितले.

"ठणठणीत आहे. दोन वर्षं तरी याला हात लावू नका. तुम्हाला नवा विकला असता, पण मनाला पटेना."

ताईला आधी आनंदच झाला, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. चार वाजून गेले होते. आत्ता धाकट्याला चकित करू, म्हणून तिनं खेळात आपलं नाव घातलं आणि मित्रांची यादी उघडली. यादीत एकच जण होता. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, आणि खाली लिहिलं होतं: शर्यतीत आहे. नव्या भागात खेळलेले तास, तीनशे बारा. शेजारच्या सीटवर कोण बसलंय, तेही लिहिलं होतं. ते नाव तिच्या ओळखीचं नव्हतं.

तिनं आकडा पुन्हा वाचला. तीनशे बारा तास काही शनिवारी-शनिवारी होत नाहीत. त्याला रोजची संध्याकाळ लागते. राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली, त्या वहीची आणि लॅबमध्ये सांगत सुटलेल्या कौतुकाची.

तेवढ्यात हिरवा ठिपका विझला. तिचं नाव त्याला दिसलं होतं. शर्यत अर्धी टाकून तो पळाला होता.

पाचेक मिनिटांनी फोन वाजला. "ताई! अगं, घेतलास की काय प्रोसेसर?"

"नाही. जुन्यावरच चालतंय. छान चालतंय."

"हो? मग त्यांनी काहीतरी सुधारणा केली असेल मधे..."

"तीनशे बारा तास."

धाकट्यानं सुधारणेचा विषय सोडून दिला. मग म्हणाला, "आम्ही लीगमध्ये उतरलोय, ताई. तिथे वळण जरा उशिरा सांगितलं की गाडी दरीत. आणि तू उशिरा सांगतेस गं. गप्पांच्या नादात असतेस. हे तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

"म्हणून प्रोसेसरवर ढकललंस."

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

"डबा खाताना एका हातानं लिहायचे रे मी त्या याद्या. वाचायचास तरी ना?"

"काही काही वाचल्या."

केसानं गळा कापलास, असं ओरडून म्हणावंसं तिला वाटलं. पण समोर मास्तर एक वायर गुंडाळत होते. गुंडाळून झालेली वायर सोडून पुन्हा गुंडाळत होते.

"हे बघ, पुढच्या शनिवारी नक्की," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "चार वाजता, आधीसारखं. तू आणि मी."

"नको रे," ताई म्हणाली. "माझ्या मशीनला नाही झेपणार."

धाकटा "बरं" म्हणाला, आणि त्याचा सुटकेचा श्वास तिला फोनवर स्पष्ट ऐकू आला.