धोंडीसाठी बेडूक

उंद्रीच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी साचलं होतं आणि त्यात बेडकाची पिल्लं वळवळत होती. वर ऊन असं तापलेलं, की दोन दिवसांत चाकोरी आटणार हे पाचवीतल्या सुचितालाही दिसत होतं. तिनं शाळेचा डबा रिकामा केला, पिल्लं त्यात भरली आणि घरी आणून घमेल्यात सोडली.

घमेल्यात तिनं नळाचं पाणी ओतलं. सकाळी निम्मी पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

"नळाच्या पाण्यात पावडर असते, बाई," तिचे वडील राजकुमार म्हणाले. "विहिरीचं आण." मग त्यांनीच घमेल्यात एक तिरपा दगड ठेवला. "पाय फुटले की बसाले जागा लागते. नाही त बुडून मरतात."

"बेंडूक बुडते?" सुचिताला हसू आलं.

"शेपूट गेली की बुडते."

ती रोज विहिरीवरून कळशी आणी, उकडलेला पालक चुरून टाकी. दीड महिन्यात नऊ बेडूक दगडावर येऊन बसले, अंगठ्याच्या नखाएवढे. ओढ्याला पाणी आलं की सोडायचे, असं बापलेकीचं ठरलं होतं.

पण पावसानं पाठ फिरवली. सोयाबीन माना टाकू लागलं. गावानं धोंडी काढायचं ठरवलं: मुसळाला कडुनिंबाचा पाला आणि एक जिवंत बेडूक बांधून घरोघर फिरवायचा, बायांनी वरून पाणी ओतायचं. कोरड्या ओढ्यात बेडूक कुणालाच सापडेना. मग शेजारच्या तानाबाईला घमेलं आठवलं.

"एकच दे, माय. देवाचं काम आहे."

"नाही देत," सुचिता म्हणाली.

"काऊन रे राजकुमार, पोरीपुढं चालत नाही का तुह्यं?"

दाराबाहेर दहा-बारा माणसं उभी होती. राजकुमारांचंही शेत वाळत होतं. "सांजच्याले वापस आणून देतीन," ते लेकीला म्हणाले आणि दगडावरचा सगळ्यात मोठा बेडूक स्वतःच्या हातानं उचलून दिला.

सुचिता धोंडीच्या मागं मागं चालली. पहिल्या चार घरी तो पाय हलवत होता. बाया हंड्यातून पाणी ओतत होत्या. नळाचंच. मारुतीच्या पारावर दोरा सोडला, तरी बेडूक पाल्याला तसाच चिकटून राहिला.

तिसऱ्या दिवशी पाऊस पडला. तानाबाई गूळ घेऊन आली. "तुह्या बेंडकानं आणला, सुचे. पुढच्या साली जास्त पाळजो."

सुचितानं गुळाला हात लावला नाही. उरलेले आठ ती एकटीच ओढ्यात सोडून आली.

पुढच्या जूनमध्ये तानाबाईनंच तांब्याभर पिल्लं आणून दिली. राजकुमारांनी घमेलं घासलं, विहिरीचं पाणी भरलं, दगडही ठेवला. सुचितानं तांब्या उचलला, उंद्रीच्या रस्त्यानं गेली आणि पिल्लं चाकोरीत ओतली. पाणी बोटभर होतं.

रिकामा तांब्या ठेवत तिनं चाकोरीचं सांगितलं, तसे राजकुमार म्हणाले, "मरतीन ना व ते."

"हाव," ती म्हणाली. "पण कोणी बांधणार नाही त्याईले."